तीन हजारांत कॉम्बिनेशन पाने घ्यायचेत? आधी साइज बघा, मग रिंग, कंपनी सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न असा आहे, की घरी एक स्प्लेंडर, एक जुनी वॅगन आर, शेतावर पाच एचपीची मोटर आणि पंप, छोटी-मोठी कामं स्वतः करायची इच्छा आहे आणि बजेट तीन हजार. टपारिया, झलानी, स्टॅनले, एव्हरेस्ट यातला कुठला कॉम्बिनेशन पान्यांचा (एका टोकाला बंद गोल रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड) सेट पैसे वसूल करेल, की ऑनलाइन हजाराच्या आत मिळणारा पंचवीस नगांचा चकचकीत सेट घेऊन टाकू? उत्तरात बऱ्याच जणांनी एकेक कंपनीचं नाव टाकलंय आणि प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबरच असेल, पण मला वाटतं तुमची खरी अडचण कंपनीची नाहीये. तुम्हाला कुठले पाने रोज लागणार, त्यातल्या कुठल्यांवर खरा जोर पडणार आणि कुठले नुसते पेटीत पडून राहणार, हे आधी ठरलं तर कंपनीचा प्रश्न निम्मा सुटतो.

मी आयटीआय फिटर, कुपवाड एमआयडीसीत पंधरा वर्षं मेंटेनन्सला होतो, आता आठ वर्षं झाली स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, पंप, मोटरी, ट्रॅक्टरची किरकोळ कामं आणि बाइक येतात. म्हणजे मी जे सांगतोय ते रोजच्या वापरातून आलेलं. तुम्ही महिन्यातून दोनदा पाना हातात घेणार असाल तर तुमची गरज माझ्यापेक्षा कमी आहे हे धरूनच वाचा, आणि जिथे काम किती करणार यावर उत्तर बदलतं तिथे तसं सांगतो.

आधी साइज. हे नीट समजून घ्या कारण पैसे इथेच वाया जातात. स्प्लेंडर आणि वॅगन आर दोन्हींचं मूळ जपानी, त्यामुळे बोल्टचं डोकं जपानी मापाचं. एम ६ म्हणजे सहा मिमी जाडीचा बोल्ट, त्याच्या डोक्याला १० मिमीचा पाना. तसंच एम ८ ला १२, एम १० ला १४, एम १२ ला १७. आणि तुमच्या पंपावर जे बाजारातले साधे बोल्ट असतात त्यांना एम ८ ला १३, एम १० ला १७, एम १२ ला १९, एम १६ ला २४. आटे तेच, बोल्ट तोच, पण डोकं वेगळं. म्हणून गाडीवर तुम्हाला १३ जवळजवळ लागत नाही आणि पंपावर १२, १४ लागत नाही. त्यात अजून एक भर म्हणजे नवीन मापाच्या बोल्टांना एम १० ला १६ आणि एम १२ ला १८ असतं, दुकानात दोन्ही प्रकार मिळतात, एकाच फ्लँजवर (पाइप बोल्टांनी जोडायची चकती) चार बोल्ट १७ चे आणि दोन १६ चे मी कित्येकदा बघितलेत, कारण मधे कुणीतरी दोन बोल्ट बदललेले असतात. १६ च्या बोल्टला १७ चा पाना लावून ओढलं की कोपरे गेलेच समजा.

जुना ट्रॅक्टर असेल तर गोष्टच वेगळी, तिथे इंची बोल्ट निघतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चालून जातो. पाऊण इंच म्हणजे १९.०५, त्याला १९ बसतो. पण ९/१६ म्हणजे १४.२९, त्याला १४ जात नाही आणि १५ ढिला बसतो, इथेच माणसं नट गोल करतात. तुम्ही ट्रॅक्टरचं लिहिलेलं नाही म्हणून एवढ्यावर सोडतो.

तर तुमची यादी होते ८, १०, १२, १३, १४, १७, १९, २४, आणि सोबत १६. नऊ पाने. पंचवीस नगांच्या सेटमध्ये याशिवाय जे सोळा येतात त्यातले ९, ११, १५, २०, २३, २५, २६ हे तुम्ही वर्षानुवर्षं उचलणार नाही. त्या सोळा पान्यांचे पैसे या नऊ पान्यांच्या दर्जात गेले असते, माझा सगळा हिशोब हा एवढाच आहे.

आता कॉम्बिनेशन पान्याची एक मोठी अडचण जी दुकानदार सांगत नाही. याच्या दोन्ही टोकांना एकच साइज, एकीकडे रिंग आणि एकीकडे उघडं तोंड. जाम बोल्ट रिंगने सोडवायचा आणि मग उघड्या तोंडाने भराभर काढायचा, यासाठीच तो बनवलाय आणि या कामाला खरंच छान आहे. पण सेटमध्ये प्रत्येक साइजचा एकच पाना. पंपाच्या फ्लँजवर आरपार बोल्ट असतो, एका बाजूला डोकं धरायचं, दुसऱ्या बाजूला नट फिरवायचा, आणि दोन्ही १९ चे. मग? एक पाना हातात आणि दुसऱ्या बाजूला लोक पकड लावतात, आणि पकडीने डोकं खाल्लं जातं. म्हणून सेट घेतला तरी १७ आणि १९ हे दोन नग जास्तीचे घ्याच. माझ्याकडे येणारे बरेच जण हे सहा महिन्यांनी शिकतात, तुम्ही आधीच करा. जास्तीचा नग कॉम्बिनेशनच हवा असंही नाही, १६-१७ आणि १८-१९ असे दोन तोंडी रिंग पाने घेतले तर नवीन मापाचे बोल्टही त्यातच भागतात आणि वेगळा १६ घ्यावा लागत नाही. शिवाय दोन तोंडी रिंग पान्याची मान खोल वाकडी असते, बोटं खरचटत नाहीत. कॉम्बिनेशनची रिंग साधारण १५ अंश वर उचललेली असते, सपाट जागेवर बोटं घासतात. उघडं तोंडही १५ अंश तिरकं असतं ते उगीच नाही, अडचणीच्या जागी पाना पालथा घालून लावला की ३० अंशच फिरायला जागा असली तरी नट सरकवता येतो. पालथा घालून लावायची ही सवय असू द्या, निम्म्या अडचणीच्या जागा तिने सुटतात.

चांगला पाना म्हणजे काय, हे मला एका रात्री नीट कळलं. कृष्णेच्या काठावर एका शेतकऱ्याचा लिफ्टचा पंप, सक्शनची (पाणी ओढणाऱ्या पाइपची) फ्लँज हवा घेत होती, पाणी उचलत नव्हतं, लाइट रात्रीची आणि ती पहाटे जाणार. माझी नेहमीची पेटी वर्कशॉपला राहिलेली, त्यांच्याच घरातला नवा कोरा स्वस्त सेट घेऊन उतरलो, पान्यांवर क्रोम व्हॅनेडियम (हत्यारांसाठीचं चांगलं पोलाद) असं ठळक छापलेलं. १७ चा पाना बोल्टला लावला, रिंग पाइपच्या मागे जात नव्हती म्हणून उघडं तोंड लावलं, जोर दिला आणि हाताला कळलं की बोल्ट हलत नाहीये, पान्याचं तोंड फाकतंय. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा सटकला, माझी दोन बोटं फ्लँजवर फुटली आणि बोल्टाचे कोपरे गेले. मग छिन्नी-हातोड्याने तो बोल्ट कापायला पहाट झाली, लाइट गेली, आणि त्यांच्या आडसाली उसाचं पाणी चार दिवस पुढे गेलं. घरी येऊन त्या पान्याचं तोंड व्हर्नियरने मोजलं तर साडेसतरा मिमीच्या वर गेलं होतं. पोलाद कशाचं होतं ते मला माहीत नाही, पण त्याला पाणी नीट दिलेलं नव्हतं, म्हणजे तापवून, झटकन थंड करून नीट कडक केलेलं नव्हतं, एवढं नक्की.

मुद्दा हाच आहे. क्रोम व्हॅनेडियम हे अक्षर कुणीही ठोकू शकतो. पोलाद चांगलं असलं तरी त्याला पाणी किती आणि कसं दिलं, पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा किती काढला, यावर पाना टिकतो. मऊ राहिला तर तोंड फाकतं, फार कडक झाला तर एक दिवस तडकून तुकडा उडतो, आणि तो तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चांगल्या पान्याची कडकाई रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर चाळिशीत असते, म्हणजे कानशीने नीट चावा घेत नाही, घसरत घसरत थोडी खरवडते. दुकानात कानस लावायला कुणी देणार नाही, पण घरी जुने पाने असतील तर दांड्याच्या कडेला एकदा कानस लावून बघा, फरक हाताला कळतो.

दुसरी गोष्ट रिंगची आतली बाजू. उघडं तोंड नटाच्या दोनच कोपऱ्यांवर जोर देतं, रिंग सहाही कोपऱ्यांवर. म्हणून जाम बोल्टाला पहिला झटका कायम रिंगनेच. आता रिंगच्या आत बघा, चांगल्या पान्यात आतल्या भिंतींना हलकी गोलाई दिलेली असते जेणेकरून जोर नटाच्या कोपऱ्यावर न पडता कोपऱ्याच्या जरा मागे, सपाट भागावर पडतो. कोपरे घासलेल्या जुन्या नटाला हाच पाना पकडतो. प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते, नावाकडे बघू नका, उजेडात धरून आतला आकार बघा. टोकदार चांदणी दिसली तर जुनी पद्धत, टोकं जरा मोकळी आणि भिंती किंचित फुगीर दिसल्या तर नवी. बारा कोनांची रिंग असते म्हणून ३० अंशाला बसते, अडचणीत सोयीची, सहा कोनांची जास्त पकडते पण ६० अंश फिरवावी लागते. घरच्या कामाला बारा कोनांची ठीक आहे, आणि जाम नटासाठी सहा कोनांची गोटी (हँडलला लावायचा सॉकेट) ठेवावी.

तिसरी गोष्ट, ढिलेपणा. १३ च्या बोल्टाचं डोकं नवीन असतानाच १३ पेक्षा थोडं कमी असतं, पावणेतेरापर्यंत चालतं. पान्याचं तोंड १३ पेक्षा थोडं मोठं ठेवावंच लागतं नाहीतर बसणार नाही. या दोन्ही सुटी एकत्र झाल्या की खेळ वाढतो. माझा स्वतःचा नियम असा की १३ चा नवीन पाना १३.३ च्या वर भरला तर मी घेत नाही, १० चा १०.२ च्या वर गेला तर परत ठेवतो. एकाच कंपनीच्या एकाच खोक्यातले दोन नगसुद्धा वेगळे भरतात, हे मी स्वतः मोजून बघितलंय, आणि म्हणूनच मी म्हणतो की या किमतीच्या गटात कंपनी-कंपनीत जेवढा फरक आहे त्यापेक्षा नगा-नगातला फरक जास्त आहे.

लांबीबद्दल लोक फार बोलतात, लांब पाना म्हणजे चांगला असं. तसं नाही. एक साधा हिशोब सांगतो. हात आणि नट यांच्यात २० सेंमी अंतर असेल आणि तुम्ही २५ किलोचा जोर दिला तर साधारण ४९ न्यूटन मीटर (पिळाचं माप) होतात, आणि ८.८ ग्रेडच्या (डोक्यावर छापलेला ताकदीचा आकडा) एम १० बोल्टाला जवळपास तेवढंच हवं असतं. म्हणजे १७ चा नेहमीचा पाना एका हाताने घट्ट ओढला की काम झालं. एम ६ ला मात्र साधारण १० न्यूटन मीटरच हवं, १२ सेंमीच्या पान्यावर आठ किलोचा जोर, म्हणजे मनगटाचा. स्प्लेंडरच्या इंजिन कव्हरचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात, तिथे १० चा लांब पाना घेऊन ताकद लावली की आटे बाहेर येतात आणि मग तो खर्च तुमच्या सगळ्या पान्यांपेक्षा जास्त होतो. ऑइल काढायच्या बोल्टाचंही तेच. म्हणून लहान साइजचे पाने आखूडच असलेले बरे, आणि २४ चा मात्र लांब बघून घ्या. पान्याला पाइप लावून ओढू नका, विशेषतः उघड्या तोंडाकडून कधीच नाही.

आता कंपन्या, कारण तुम्ही तेच विचारलं होतं. टपारियाचा कारखाना नाशिकला सातपूरला, १९६९ पासून एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक मदतीने त्यांनी हातहत्यारं सुरू केली, आणि आपल्याकडे तालुक्याच्या दुकानातही त्यांचा सुटा नग मिळतो. माझ्या मते तुमच्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा आहे, १० चा पाना विहिरीत पडला तर दुसऱ्या दिवशी तोच मिळतो. माझ्या पेटीत १०, १३, १७ त्यांचे आहेत, १७ चा नऊ वर्षांचा आहे आणि तोंड अजून मापात आहे. दिसायला ओबडधोबड वाटतात, रिंगची भिंत थोडी जाड, त्यामुळे अगदी अडचणीच्या जागी जात नाहीत. झलानीचे जुने पाने मी कंपनीत वापरले, दणकट, दांडा हाताला भरतो, पण आमच्या भागात सगळ्या साइज सुट्या मिळतीलच असं नाही. स्टॅनलेचं फिनिशिंग चांगलं, हातात गुळगुळीत, रिंग बारीक, गाडीच्या कामाला हे बरं पडतं, पैसे थोडे जास्त. एव्हरेस्ट वगैरे पंजाबकडची नावं आहेत, जालंधर आणि लुधियाना ही हातहत्यारांची मोठी ठिकाणं, तिथून परदेशातही भरपूर माल जातो, त्यामुळे नाव ओळखीचं नाही म्हणून माल वाईट असं समजू नका, फक्त नग निवडून घ्यावा लागतो. याच्या वर तैवानचं किंग टोनी आणि त्याच्याही वर जर्मन गेडोर, स्टालविले, ते रोज आठ तास पाना चालवणाऱ्यासाठी. तुम्हाला त्याची गरज नाही, एवढे पैसे तिथे घालू नका.

मला विचाराल तर पंप आणि मोटर जास्त असेल तर टपारियाचे सुटे नग, गाडीचं काम जास्त असेल तर स्टॅनलेचे छोटे नग आणि मोठे टपारियाचे. सगळे पाने एकाच कंपनीचे हवेत असा कुठे नियम नाही. माझ्या पेटीत चार कंपन्यांचे आहेत.

दुकानात जाताना हे करा. घरून १०, १३, १७, १९ चे नवीन बोल्ट खिशात घेऊन जा, रद्दी झिजलेले नकोत, नवीन. रिंगमध्ये बोल्ट घालून हलवा, किती खेळ आहे ते बोटाला कळतं. तोंडाच्या आतल्या दोन्ही बाजू समांतर आहेत का ते उजेडाकडे धरून बघा, बोल्ट आत सरकवताना सुरुवातीला घट्ट आणि आत ढिला किंवा उलट लागला तर तो नग ठेवून द्या. रिंगच्या आत क्रोमचे दाणे, थेंब जमलेले असतील तर नको, तेच पुढे पापुद्र्यासारखे निघतात आणि निघालेला क्रोम ब्लेडसारखा बोट कापतो. साइजचा आकडा पोलादात दाबून काढलेला हवा, नुसता रंगवलेला किंवा लेझरने वरवर कोरलेला असेल तर दोन वर्षांनी वाचता येत नाही. दुकानदार चार नग काढून दाखवायला कुरकुर करत असेल तर दुकान बदला, सांगली, कोल्हापूर, पुण्याची बोहरी आळी, मुंबईचं नागदेवी, कुठेही गेलात तरी शेजारी दुसरं दुकान आहेच.

नकली मालाचं सांगितलंच पाहिजे. चालणाऱ्या नावांचे डुप्लिकेट बाजारात आहेत, मी स्वतः एकदा एका दुकानातून घाईत सहा नग आणले, त्यातला १४ चा आठवड्यात फाकला, नीट बघितलं तर नावातल्या एका अक्षराचा आकारच वेगळा होता. दुकानदाराने पावती नाही म्हणून हात वर केले. तेव्हापासून पक्की पावती घेतल्याशिवाय पाना घेत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर विकणारा कोण आहे ते बघा, कंपनीचं स्वतःचं दुकान असेल तर ठीक, आणि भाव बाजारापेक्षा निम्मा दिसला तर सोडून द्या. आयुष्यभराची गॅरंटी असं लिहिलेलं असतं त्यावर फार विसंबू नका, तुटलेला नग बदलून मिळतो पण वापराने झिजला की ती झीज धरतात. जवळचा दुकानदार ओळखीने बदलून देतो का, याला माझ्याकडे जास्त किंमत आहे.

तर तुमच्या तीन हजारांत मी असं करेन. ८, १०, १२, १३, १४, १७, १९, २४ हे आठ कॉम्बिनेशन सुटे, निवडून. सोबत १६-१७ आणि १८-१९ चे दोन रिंग पाने. कापडी गुंडाळी पिशवी, प्लास्टिकच्या खोक्यापेक्षा ती टिकते आणि कुठला पाना हरवला ते लगेच दिसतं. भाव तुमच्या गावात कमी-जास्त असतील पण यातून काही पैसे उरायला हवेत, ते १०, १२, १४, १७ च्या सहा कोनी गोट्या आणि एका हँडलसाठी ठेवा. एकदम एवढं जमत नसेल तर ८ आणि २४ नंतर घ्या, पण १० आणि १७ मध्ये काटकसर नको, जास्तीत जास्त जोर आणि जास्तीत जास्त वापर त्यांचाच.

रॅचेटचे कॉम्बिनेशन पाने, म्हणजे रिंगमध्ये एकाच दिशेने पकडणारे दाते असलेले, कुणीतरी सुचवलेत. ७२ दात्यांचा असेल तर ५ अंशाला पकडतो, अडचणीत फार सुखाचा, पण त्याने जाम बोल्ट सोडवायचा नसतो, दाते तुटतात. पहिले पाने म्हणून नको, दोन वर्षांनी १० आणि १२ चा घ्या.

जुन्या बाजाराचंही एक. पुण्यात बुधवार-रविवारी जुन्या बाजारात जुने गेडोर, झलानी, जपानी केटीसी असे पाने मिळून जातात, घासलेले, गंजलेले, पण पोलाद एक नंबर. तोंड फाकलेलं नाही हे बोल्ट घालून बघितलं, रिंगला केसाएवढी चीर नाही हे बघितलं, की बिनधास्त घ्या. दांड्यावर वेल्डिंगचा डाग दिसला तर हात लावू नका, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचं पाणी उतरलेलं असतं.

आणि घेतल्यावर पेटीत ठेवून देऊ नका. पहिल्या आठ-दहा दिवसांत प्रत्येक पाना एकदा तरी खऱ्या बोल्टाला लावा, वॅगन आरच्या बॅटरीचं टर्मिनल १० ने सोडून परत लावा, पंपाच्या फ्लँजचे बोल्ट १७, १९ ने एकदा आवळून घ्या, मोटरच्या पायाचे बोल्ट बघा. कुठला नग सटकतोय किंवा फाकतोय असं वाटलं तर पावती ताजी असतानाच दुकानात नेऊन बदलून घ्या. पंपाच्या पायाचे आणि फ्लँजचे बोल्ट आधी मोजून इथे टाकलेत तर २४ खरंच लागतो का ते मी सांगतो, पाच एचपीच्या कित्येक पंपांना सगळीकडे १९ वरच भागतं आणि मग तेवढे पैसे वाचतील.